चषकावर हात

शिट्टी वाजली आणि मी अशी उठले की खुर्ची मागे मंदाकिनीच्या पायावर आदळली. ती ओरडली की नाही ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मीच ओरडत होते. "स्टिकला लागला! स्टिक आहे ती! दिसत नाही का?"

मी ओरडले म्हणून प्रतापनगरची अख्खी बाजू ओरडायला लागली. "स्टिक! स्टिक!" पोरं उभी, म्हातारे उभे, कुणाच्या हातातले शेंगदाणे सांडले, आणि पलीकडे पाणीगेटचे लोक नाचत होते.

झालं होतं असं. पिलाजीराव हॉकी चषकाची उपांत्य फेरी, म्हणजे हरला तो घरी. आमची प्रतापनगर कॉलनीची टीम आणि पाणीगेट, दोन-दोन गोल, खेळ संपत आलेला. पाणीगेटचा पोरगा चेंडू घेऊन घुसला, आमचा गोलकीपर उगाच पुढे धावला आणि आडवा पडला. गोलाच्या रेषेवर उरला एकटा माझा मुलगा रणवीर. चेंडू सणसणत आला, रणवीरला लागला आणि परत फिरला. स्टिकला लागला असेल तर वाहवा, खेळ पुढे चालू. पायाला लागला असेल तर हातातोंडाशी आलेला गोल अंगाने अडवला म्हणून पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर एकटा गोलकीपर आणि बाकी देवाचं नाव. पंचाने एक हात वर केला आणि दुसरा सरळ स्ट्रोकच्या जागेकडे दाखवला.

ती पंच म्हणजे शलाका. रणवीरची बायको, माझी सून.

म्हणजे सुनेनं शिट्टी मारली, माझ्या मुलावर मारली, आणि सासू मैदानाच्या कडेला उभी राहून पंचाला आंधळी म्हणाली. आमच्या घरात भांडणं होत नाहीत असं नाही, पण आम्ही ती दार लावून करतो.

स्ट्रोक गोलात गेला. तीन-दोन. उरलेल्या वेळात आमच्या पोरांनी जीव तोडून धाव घेतली, पण व्हायचं ते झालं. आम्ही हरलो.

आता घरची बाई घरच्याच टीमच्या सामन्यात पंच कशी, असं कुणी विचारेल. नेमलेला पंच तापाने आडवा झाला होता. शलाका सांगलीकडची, कॉलेजात असताना झकास खेळायची, पुढे गुडघा गेला तेव्हा तिनं शिट्टी हातात घेतली. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आधी कुकरची शिट्टी होते आणि मग हिची. आयोजकांनी पाणीगेटवाल्यांना विचारलं, चालेल का? त्यांचा केयूर, जो त्यांचा सगळ्यात मोठ्या गळ्याचा समर्थक आहे, तो हसून म्हणाला होता, "अमने चालशे! घरनी शिट्टी तो वधारे कडक वागे." घरची शिट्टी म्हणे जास्तच कडक वाजते. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

सामना संपला तसे सगळे मैदानाच्या फाटकापाशी सेवउसळीच्या गाडीवर जमले. हरलं तरी सेवउसळ, जिंकलं तरी सेवउसळ. फरक एवढाच की हरल्यावर वरची लाल तरी जास्त घालून घेतात, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तर तिखटावर ढकलता येतं.

"पाय होता," केयूर म्हणाला. तो मुद्दाम आमच्या गाडीवर आला होता, पाणीगेटला काय सेवउसळ मिळत नाही?

"तुझ्या डोळ्यांत सेव गेलीय," आमचा कॅप्टन श्रीकृष्ण म्हणाला. त्याच्या हातात अजून स्टिक होती आणि ती तो फार हलवत होता. "स्टिक होती. एकदम चोख्खी स्टिक!"

"तें जोयुं? तू पाहिलंस?"

"मी... समोर गर्दी होती. पण काकूंनी ऐकलं ने!"

झालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे माझ्या कानाबद्दल सांगायला हवं. नवरा गेल्यावर मी त्याच्या जागी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले. डब्याच्या चाकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. चाक चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आत तडा असेल तर बद्द. पहिली काही वर्षं तिथले पुरुष गालात हसायचे. मग एकदा सगळ्यांनी पास केलेलं चाक मी बद्द म्हणाले, तपासणी झाली, आतून तडा निघाला, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. निवृत्त झाले तरी कॉलनीत अजून मला कान म्हणून बोलावतात. कुणाचा मिक्सर घरघरला की हाक येते, नवा माठ घ्यायचा की हाक येते. दुसरी काही इस्टेट मी कमावली नाही, हा एक कान कमावला.

"काकू, बोला," श्रीकृष्ण म्हणाला. "तुम्ही काय ऐकलंत?"

"टक," मी म्हणाले. "पायाला लागला तर धप वाजतं. मला टक ऐकू आलं. स्टिक."

"घ्या!" सगळे ओरडले. गाडीवाल्यानंही झारा वाजवला, त्याला काय, त्याची विक्री होत होती.

"मासी," केयूर म्हणाला, "तुमचा कान चांगला, कबूल. पण तुम्ही एवढ्या लांब होता. आणि सून जवळ होती, अगदी दहा डगलां पर, दहा पावलांवर."

"सून नवी आहे," मंदाकिनी म्हणाली. ती माझी शेजारीण. पाय अजून चोळत होती. "निष्पक्ष दिसायच्या नादात नवऱ्यालाच लटकवलं. माझी सून असती तर आज रात्री भात करपलेलाच निघाला असता."

मी तिला म्हणाले की तुझ्या घरी तो रोजच करपतो. पण मनातून मला ते बोलणं लागलं. शलाकाने मुद्दाम केलं असं मला अजिबात वाटत नव्हतं. चुकली असं वाटत होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात श्रीकृष्णने गाडीवर स्टिक आपटली. "हरकत घ्यायची! दुसरी मॅच संपायच्या आत घ्यायला लागते. चला!"

या चषकाची एक रीत आहे. अध्यक्ष दत्ताजीराव, त्यांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेत होते, त्यांच्याकडे अर्जबिर्ज चालत नाही. निकालावर हरकत असेल तर दोघांनी समोर यायचं, एक खेळाडू आणि एक पाहणारा, आणि चषकावर हात ठेवून सांगायचं काय झालं ते. दोघांचं एक निघालं की निकाल फिरतो. उरलेला खेळ पुन्हा खेळवतात, आणि ज्या पंचाचा निकाल फिरला त्याला या स्पर्धेत पुन्हा शिट्टी मिळत नाही. चषकावर हात ठेवून आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. निदान तसं कुणी कबूल केलेलं नाही.

खेळाडू म्हणजे रणवीर. पाहणारी म्हणजे, माझ्याशिवाय कोण?

आणि शिट्टी म्हणजे शलाकाची. रविवारचा अंतिम सामना तिला द्यायचं ठरलं होतं. या चषकाच्या फायनलला आजवर बाई पंच झाली नव्हती. तिनं पंचाचा शर्ट आत्तापासून इस्त्री करून हँगरला लावला होता, आणि सांगलीहून तिचे वडील फायनल बघायला निघणार होते. मी आत्ता हात ठेवला की तो शर्ट कपाटात जाणार होता.

"रणवीर कुठाय?" मी विचारलं.

तो फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला होता, अजून मोज्यांत आणि बुटांत, मांडीवर स्टिक. त्याच्या पुढ्यातली सेवउसळ तशीच गार होत होती. हा मुलगा तापातसुद्धा दोन प्लेट खातो.

"काय रे, स्टिकला लागला ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग श्रीकृष्णकडे, मग त्या सगळ्या गर्दीकडे. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला.

लहानपणापासून हा मुलगा इतका आज्ञाधारक कधीच नव्हता. पण त्या गडबडीत ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, बिचारा बायकोविरुद्ध तोंड उघडायला कचरतोय.

केयूर मात्र सोडायला तयार नव्हता. "मासी, जाण्याआधी एक परीक्षा. तुम्ही पाठ फिरवा, मी चेंडू मारतो. ओळखा कशाला लागला."

"मार," मी म्हणाले, आणि गाडीकडे तोंड करून उभी राहिले. वाह, काय मजा आली! सगळे श्वास रोखून गप्प. टक. "स्टिक," मी म्हणाले. धप. "बूट." ठण्ण. "ती सेवउसळीची थाळी आहे, मला काय उल्लू समजतोस?" लोक खदखदून हसले. परत टक. "स्टिक, पण दुसरी. हिची मूठ ढिली झालीय." ती श्रीकृष्णची होती, आणि तिची मूठ खरंच ढिली होती. मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या. एकानं तर मला उचलायचाच बेत केला, मी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. केयूरनं दोन्ही हात जोडले.

आम्ही निघालो. श्रीकृष्ण पुढे, मी मध्ये, माझ्या बाजूला केयूर, मागे अर्धी कॉलनी घोषणा देत, आणि सगळ्यात शेवटी रणवीर. मैदानात दुसरी उपांत्य लढत चालू होती, डभोई आणि मकरपुरा, आणि तिथलेही लोक खेळ सोडून आमची वरात बघायला लागले. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद होत होता. या वयात एवढी माणसं आपल्या मागे चालतात हे काय रोज होतं?

मांडवात टेबलावर चषक, टेबलामागे दत्ताजीराव, आणि बाजूच्या खुर्चीवर शलाका. शिट्टीची दोरी तिनं मुठीला गुंडाळली होती. मला पाहून ती उठून उभी राहिली.

"आई, तुम्ही?"

"मी ऐकलं ते सांगणार आहे, शलाका. तुझ्यावर राग नाही माझा. पण खरं ते खरं."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलं ते सांगा. मी बघितलं त्याच्यावर शिट्टी मारली. मला स्टिक दिसली असती तर मी मारली नसती, एवढंच."

तिनं रणवीरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गर्दीच्या मागे उभा राहून बुटाने माती उकरत होता.

"आधी खेळाडू," दत्ताजीराव म्हणाले. मिशी केवढी, पण आवाज अगदी मऊ.

"आधी आई," रणवीर मागून म्हणाला.

"ठीक. सुहासिनीबाई, या."

मी पुढे झाले. मैदानाकडे माझी पाठ होती. चषक जवळून पाहिला की त्यावरचे पोचे दिसतात, कितीतरी हातांतून गेलाय तो. मी पदर खोचला आणि हात पुढे केला.

मागे मैदानात आवाज आला. टक.

सवयच ती. मी हात तसाच पुढे धरून मान न वळवता केयूरला म्हणाले, "ऐकलंस? ही पण स्टिक."

आणि लगेच शिट्टी वाजली.

"मासी," केयूर म्हणाला. तो हसत नव्हता, हे मला नंतर आठवलं. "पाछळ जुओ."

मी वळले. डभोईचा एक पोरगा गोलासमोर एका पायावर नाचत होता आणि दुसऱ्या पायाची नडगी धरून बसायला बघत होता. पंचाने पेनल्टी कॉर्नर दाखवला होता आणि डभोईचं एकही माणूस वाद घालत नव्हतं.

"ते शिनगार्डला लागलं, काकू," श्रीकृष्ण घाईघाईने म्हणाला. "मोज्याच्या आत ते कडक प्लास्टिक असतं ने, त्याच्यावर चेंडू बसला की आवाज असाच..." आणि तिथे त्याची जीभ अडकली.

माझा नवरा खेळायचा तेव्हा नडगीला कुणी काही बांधत नसे. लागलं की हळद. मी मैदानाच्या कडेला बसून ऐकायला शिकले ते त्या काळात. गाडीवर आम्ही स्टिक वाजवली, बूट वाजवला, थाळीसुद्धा वाजवली. नडगी वाजवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि सगळ्यात आधी ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

"रणवीर, इकडे ये."

तो आला. मी त्याच्या हातातली स्टिक घेतली, वाकले, आणि चाकावर मारायचे तशी त्याच्या मोज्यावर मारली. टक.

अगदी तोच आवाज. मी पुन्हा मारली.

"तुला कळलं होतं?"

"आई..."

"कळलं होतं का?"

"लागल्यावर कळतंच ने," तो म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते. "पण तू ओरडलीस. मग सगळे ओरडले. तुझा कान म्हणजे... मी सगळ्यांसमोर तुला कसं चुकीचं म्हणू?"

"आणि बायकोला म्हणायला जमलं?"

तो पुन्हा बुटाने माती उकरायला लागला.

मला इतका राग आला की विचारू नका. त्याचा आला, त्याच्यापेक्षा माझा आला. ज्या कानासाठी लोक टाळ्या वाजवत होते त्याच कानाने मी त्या मुलीला आंधळी म्हणाले होते, आणि ती समोर उभी राहून 'सांगा' म्हणाली होती.

श्रीकृष्ण माझ्या कानाशी आला. "काकू, कान तुमचा. तुम्ही स्टिक म्हणालात तर कोण नाही म्हणेल? रणवीर पण म्हणेल. एक शब्द बोला, मॅच परत मिळेल. किती वर्षांनी आपण इथपर्यंत आलोय!"

ते खरं होतं. मागे कॉलनीची सगळी पोरं उभी होती, घामाने निथळत, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांतल्या अर्ध्या जणांना मी कडेवर खेळवलंय. मला त्यांना हरवायचं नव्हतं. मला सांगायचं होतं की जा, पुन्हा खेळा, यावेळी जिंका. जिभेवर आलं होतं.

शलाका तशीच उभी होती. मुठीवरची दोरी तिनं आता इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

मी चषकावर हात ठेवला. थंड होता.

"चेंडू नडगीला लागला," मी मोठ्याने म्हणाले, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू जावं. "माझा कान चुकला. शलाकाची शिट्टी बरोबर होती."

मागे जो गलका झाला तो मी लिहीत नाही, त्यातले काही शब्द लिहिण्यासारखे नव्हते. मंदाकिनी तर म्हणाली की आता हिला मिक्सर दाखवायचा नाही.

"खेळाडू?" दत्ताजीरावांनी विचारलं.

रणवीर पुढे आला. त्यानं माझ्या हाताशेजारी हात ठेवला. "नडगीलाच लागला," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं. मी तिथेच बोलायला पाहिजे होतं." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

दत्ताजीरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "हरकत घ्यायला येऊन पंचाचीच बाजू घेणारे तुम्ही पहिलेच. निकाल कायम." मग शलाकाकडे वळून म्हणाले, "सूनबाई, रविवारी वेळेवर या."

केयूरनं एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग मकरपुऱ्याच्या लोकांनी वाजवल्या, त्यांना कशाबद्दल वाजवतोय हेही ठाऊक नसावं. आमच्यातून कुणी वाजवल्या नाहीत. श्रीकृष्णनं स्टिक खांद्यावर टाकली, माझ्यासमोर थांबला, आणि म्हणाला, "मूठ खरंच ढिली आहे का, काकू?"

"आहे," मी म्हणाले. "बदलून घे. पुढच्या वर्षी लागेल."

फाटकाबाहेर आमच्या दोन स्कूटर उभ्या होत्या, एक रणवीरची, एक माझी. रोज शलाका त्याच्या मागे बसते. रणवीरनं स्कूटर चालू केली, मागची सीट हाताने पुसली आणि वाट बघत राहिला. ती त्याच्याजवळून पुढे आली आणि माझ्या मागे बसली.

मी स्कूटर चालू केली. रेल्वेच्या फाटकाजवळचा खड्डा आला तेव्हा तिनं तोल सावरायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. खड्डा गेला तरी तो काढला नाही.

"आई," ती म्हणाली, "फायनलला तुम्ही कुठे बसणार?"

"तुझ्या बाजूला," मी म्हणाले. "जवळ. या वेळी बघणार आहे."

मागून रणवीर सारखा हॉर्न देत होता. आम्ही दोघींनी ऐकलं नाही असं दाखवलं.